मोटरीवर ओलं गोणपाट

पियुष,

तुझी रिमोटची गाडी ओट्यावर उलटी ठेवली आहे. तिची मोटर मी जाळली. नव्या बॅटरीचा जोर जास्त आहे, आतला गिअर बदलल्याशिवाय गाडी पळवायची नाही, असं तू आईला सांगत होतास. मी खिडकीशीच होतो, सगळं ऐकलं होतं. तरी तू कामावर गेल्यावर रिमोट हातात घेतलाच.

केळीच्या ओळींमधून काय सुटली रे ती! थांबवायचं भानच राहिलं नाही. मग करपल्याचा वास आला. विहिरीवरचा पंप तापला की जे करतो तेच मी सवयीने केलं, ओलं गोणपाट आणून वर टाकलं. चर्र झालं, वाफ निघाली आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. एवढ्याशा मोटरीला पाणी सोसणार नाही, हे मला कळायला हवं होतं.

बॅटरी फुगली आहे. ती काढून अंगणात विटांवर ठेवली आहे, घरात आणू नकोस. जळकी मोटर दाखवायला घेऊन मी विरारला जातोय. तशीच मिळाली तर आणतो. नाही मिळाली तर तुझी रविवारची शर्यत माझ्यामुळे बुडाली.

इतके दिवस याला पोरखेळ म्हणत होतो, आता म्हणणार नाही.

जेवायला माझ्यासाठी थांबू नका. आणि ओरडायचं असेल तर मी आल्यावर माझ्यावरच ओरड. आईजवळ निरोप ठेवू नकोस.

बाबा