गार पाय आणि गरम वीट

अदी, काल माझ्या विद्यार्थिनींना पावलावरची नाडी कशी शोधायची ते दाखवत होते आणि तुमचा आवाज कानात आला, "बोट दबाओ मत, नुसतं ठेव." सिंधीत बहिणीला अदी म्हणतात, आणि आपल्या दवाखान्यात डॉक्टरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तुम्हांला तेच म्हणायचे. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुम्हांला एक गोष्ट सांगायची राहिली ती राहिलीच, म्हणून आज लिहायला बसले.

उल्हासनगरच्या कॅम्पातली आपली ती बॅरक, वर पत्रे, आत बारा खाटा. मी एकोणीस वर्षांची, तुमच्या हाताखालची शिकाऊ नर्स, मोरिवलीहून रोज येणारी, आणि आपल्याला सगळं येतं या समजुतीत वावरणारी. त्या थंडीत बारवीकडच्या एका पाड्यावरून एक शेतकरी आला. चाळिशीही गाठली नव्हती. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलेला, पाऊल गार, चार पावलं चालला की पोटरी धरून बसायचा. विड्या दिवसाला दोन बंडल. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला स्पष्ट सांगितलं, पायाच्या रक्तवाहिन्या आवळल्या आहेत, अंगठा जाणार. बाकीचं पाऊल जपलं तर पाय राहील, नाहीतर गुडघ्यापासून काढावा लागेल. ती एवढंच म्हणाली, "मंग चिखलात उतरंल कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही औषधं आणायला गेला होतात. तो कुडकुडत म्हणाला, "बाय, पाय पार बरफ झालाय." आमच्या घरी काहीही दुखलं, गार पडलं, की आई वीट तापवून शेक द्यायची. मी तेच केलं. स्टोव्हवर वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या टाचेला लावून ठेवली. "बरा वाटतो का?" विचारलं, तर मान डोलावली बिचाऱ्याने. त्याला काहीच वाटत नव्हतं, हे मला कुठं ठाऊक होतं! तासाभराने फडकं काढलं तर टाचेवर रुपयाएवढा फोड. आणि दारात तुम्ही.

"ईंट किसने रखी?" तुम्ही विचारताय, मी उभी आहे, आणि माझ्या तोंडून निघतं, "घरच्यांनी ठेवली असेल." त्याची बायको खाटेशेजारी जमिनीवर बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग तुम्ही तिला जे फैलावर घेतलंत! "जिस पैर में खून नहीं जाता, त्याला चटका पण समजत नाही. गरमी पोटाला दे, पायाला नाही." बोलता बोलता तुम्ही त्याच्या पोटाभोवती घोंगडी गुंडाळलीत, पावलाला सैलसर कापूस लावलात, आणि तीच वीट अंगणातल्या दुसरीच्या जोडीने खाटेच्या उशाकडच्या पायांखाली सारलीत, रक्त खाली उतरावं म्हणून. मला लाज वाटत होती, आणि तरीही मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर टाचेचा तो फोड माझ्या जिवाला लागला. रोज उजेडात प्रत्येक बोटाची फट बघायची, कोमट पाण्यात आधी आपलं कोपर बुडवायचं, पुसताना चोळायचं नाही. तुम्हांला वाटलं, पोरगी शहाणी झाली. विड्यांचं मात्र वेगळंच. तो विड्या पायाच्या कापसात लपवायचा, आणि तुम्ही पट्टी बदलताना एकेक बाहेर काढायचात, आम्ही सगळ्या तोंडाला पदर लावून हसायचो. "बीडी और पैर, दोन्ही नाही मिलेगा. एक बोल," तुम्ही म्हणालात आणि तलफ आली की घरचा पापड भाजून द्यायला लागलात. पंधरा दिवसांत तो पापडाला असा सोकावला, की डॉक्टर म्हणाले, आता याचंही व्यसन सोडवावं लागेल. अंगठा गेला. टाच भरायला दोन महिने लागले, पण भरली. स्वतःच्या दोन्ही पायांवर घरी जाताना तो तुमच्याकडे पापड मागून गेला.

पुढच्या भाताला ती दोघं पिशवीभर नवे तांदूळ घेऊन आली. तुम्ही त्याचं पाऊल तपासत होतात तेव्हा मी तिला ओट्यावर गाठून विचारलं, "तुम्ही त्या दिवशी गप्प का बसलात?" ती हसली. "तुला घालवली असती, बाय. मना कुठं घालवतील? मी त्याची बायको हाय." मला रडू आलं आणि हसूही. जाताना तिने माझ्या ओंजळीत वेगळे तांदूळ घातले. आणि तुम्ही त्याच दिवशी मला लोकरीचे सैल मोजे दिलेत, स्वतः विणलेले, पाय नीट सांभाळल्याबद्दल.

ते मोजे मी कधी घातले नाहीत, अदी. वर्गात मात्र दरवर्षी नेते. पट्टी आवळायची नाही, मोजा असा सैल हवा, म्हणून दाखवते. वीट कुणी ठेवली होती तेही सांगते. हे पत्र घडी करून त्याच मोज्यात ठेवणार आहे. कालसुद्धा एका मुलीने विचारलं, "बाई, कोण हो एवढी अडाणी?" आणि मी म्हणाले, "पेशंटची बायको."