तोरलाइफच्या पैशावरची बातमीदार

४ फेब्रुवारी
पेपरात तोरलाइफचा फोटो. पहिल्या पानावर! मासळी कारखान्याचा मालक, टाय लावून हसतोय. पत्रकार होऊ पाहणाऱ्या मुलींसाठी त्यानं शिष्यवृत्ती ठेवलीय. वर्षभर आमच्या गावच्या पेपरात काम, शिकवायला एक मुरलेली बाई. पहिली मुलगी इसेलिन, त्याच्या शेजारी उभी. आणि राहते कुठे? माझ्याच माडीवर, भाड्यानं.
त्या पानावर मी कॉड मासा साफ केला.

६ फेब्रुवारी
छातीत धडधड. गोळी घेतली की नाही, आठवत नाही.
पस्तीस वर्षं हा माणूस समोरून आला की मी रस्ता बदलतो. १९८१ च्या जानेवारीत त्याची बोट बुडाली. माझा धाकटा भाऊ आल्फ तिच्यावर होता. जीव वाचवायचा रबरी तराफा फुगलाच नाही. चौकशीवाल्यांनी लिहिलं — सामान तपासलेलं होतं, दोष वादळाचा.
त्याच्याच पैशावर शिकणाऱ्या पोरीनं त्याला उघडं पाडायचं. यापेक्षा गोड काय असेल?

९ फेब्रुवारी
इसेलिनला सगळं सांगितलं. आधी कॉफी आणि वाफल दिले. ती भराभर लिहीत होती.
"आजोबा, तराफा तपासलाच नव्हता हे तुम्हाला कसं माहीत?"
"बंदरावर सगळ्यांना माहीत होतं."
"सगळे म्हणजे कोण?"
पोर जरा जास्तच शिकतेय.

१३ फेब्रुवारी
तिला पेपरात शिकवणारी बोर्गिल्ड बाई आली. सत्तरीची. तरुणपणी दहा वर्षं तिला पाककृतींच्याच पानावर बसवलं होतं म्हणे. त्याचा राग अजून डोळ्यांत आहे. तीन वाफल खाल्ले आणि म्हणाली, "पेडर, वाफल छान झालेत. पुरावा कच्चा आहे."
मग इसेलिनला समोर बसवून फैलावर घेतलं. कोणी पाहिलं? कागद कुठे? नाव देऊन बोलणारा कोण? पोरगी रडकुंडीला आली.
"हे लिहिलं तर माझी शिष्यवृत्ती जाईल?"
"जाईलही. पण कच्चं लिहिलंस तर तुझ्या मागून येणाऱ्या मुलीचीही जाईल."

१८ फेब्रुवारी
छापण्याआधी तोरलाइफला विचारणार! नियमच आहे म्हणे — ज्याच्यावर आरोप, त्याचं उत्तर त्याच दिवशी, त्याच बातमीत. मी कप आपटला.
"आजोबा, त्याला बोलू दिलं नाही तर आमच्यात आणि त्याच्यात फरक काय?"
"फरक? त्यानं माझा भाऊ मारला."
"तेच तर दाखवायचंय ना."

२१ फेब्रुवारी
गुडघा दुखतोय. वाळत घातलेल्या मासळीवर कावळे. हाकलायला गेलो नाही. सगळं या वहीत लिहितो, एक गोष्ट सोडून.

२४ फेब्रुवारी
त्याचं उत्तर आलं. सोबत जुन्या नोंदवहीच्या पानाचा फोटो. तराफा तपासला — तारीख, खाली सही. इसेलिननं कागद माझ्यापुढे धरला.
"सही लागत नाही हो. तुम्ही तेव्हा गोदीवरच कामाला होतात ना? ओळखता?"
चष्मा नाही म्हटलं. चष्मा नाकावर होता.
बोर्गिल्ड बाईचा फोन आला, तो मला इथपर्यंत ऐकू येत होता. "या पानानं बातमी मेली. सही करणारा सापडला आणि नावानिशी बोलला, तरच. उद्या बारापर्यंत थांबते."
पोरगी जिन्यातच बसून राहिली. पंधरा दिवस धडपडली. पहिली मोठी बातमी.
आणि तो पुढच्या फेब्रुवारीत दुसऱ्या मुलीशेजारी उभा राहून फोटो काढणार. पुन्हा हसणार.

२५ फेब्रुवारी
अकरा वाजता पेपरच्या कचेरीत गेलो. लिहून दिलं — सही माझी. तराफा मी उघडून पाहिला नव्हता. तोरलाइफ म्हणाला, बोटीला उशीर होतोय, कर सही. मी केली. आल्फ बोटीवर चढत होता.
इसेलिननं पेन खाली ठेवलं. बाईनं ते उचलून परत तिच्या हातात दिलं.
"दोघांचीही नावं छाप," मी म्हटलं. "माझं आधी."