दोन पाट

६ ऑगस्ट १९८४
नातू, निलू, आज पुन्हा खाली खेळायला गेला नाही. चौदा संपत आली तरी सोसायटीतली पोरं त्याला 'लिंबू-टिंबू' म्हणूनच घेतात. बरोबरीच्यांचे आवाज फुटले, हा उंचीने अजून माझ्या कानाशी.

भिंतीला उभा केला. टाचा टेकवून, नजर समोर, डोक्यावर पुस्तक आडवं. शाळेत सिस्टर दर जूनला आमची उंची अशीच घ्यायच्या. मान ताणली की डोक्यावर टिचकी. "परमेश्वराला खरी उंची ठाऊक आहे, चाइल्ड!" किती वर्षं झाली. वाशीच्या या भिंतीला अजून धड रंगही वाळलेला नाही.

निलू मान ताणत होता. टिचकी मारवली नाही.

११ ऑगस्ट
निलूच्या बापाच्या, अरविंदच्या, डोक्यात इंजेक्शनं शिरलीत. ऑफिसात कुणी तरी सांगितलं. "आई, रोजचं टेन्शन नको. टोचून टाकू, वाढेल भराभर." म्हटलं, आधी मुलांच्या मोठ्या डॉ.ना दाखव. चिडला. पण नंबर लावला.

२१ ऑगस्ट
बसने पूल ओलांडून इस्पितळात. आम्ही तिघं.

किती मोजमापं! उभ्याची उंची, बसल्याची वेगळी, हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. वजन. मग डाव्या हाताचा एक्स-रे. डॉ.नी तो दिव्यासमोर लावला आणि जाड पुस्तकातल्या हातांच्या फोटोंशी ताडत पानं उलटत गेले. मनगटाची हाडं अजून सुटी सुटी, मोगऱ्याच्या कळ्यांसारखी.

"वय चौदा, हाडं बाराची. एक तर मुळात उशिरा वाढणारा, नाही तर काही बिघाड. घरात कुणी असं होतं?"

अरविंद: "छे! मी वेळेत वाढलो. बाबा तर ताडमाड, दारातून वाकून यायचे."

"मग रक्त तपासू. इंजेक्शनाचं नंतर. उगाच घाई केली तर हाडांची टोकं लवकर जुळतात, उंची तिथेच थांबते."

अरविंद म्हणाला, "पण सुरू तर करू या."

तेव्हा मी बोलले. सासूबाईंना वचन दिलं होतं, तरी बोलले.

लग्नात हे एकोणिसाचे, मी अठराची, आणि हे माझ्याहून चार बोटं बुटके. अंतरपाटापलीकडे सा.बाईंनी यांच्या पायाखाली एकावर एक दोन पाट ठेवलेले, वरून धोतराचा घोळ. हार घालताना हे डगमगले. मी हात धरला, कन्यादानाच्या आधीच! सा.बाई रात्रभर माझ्याकडे बघेनात. मग म्हणाल्या, "सूनबाई, पाटांचं उंबऱ्याबाहेर जाता कामा नये." गेलं नाही. दुसऱ्या दिवाळीला लग्नाच्या कोटाच्या बाह्या मनगटावर चढल्या. पुढच्या दिवाळीला मी यांच्याशी मान वर करून बोलत होते.

अरविंद: "बाबा? आपले बाबा?"

डॉ. हसले. "आजोबांवरच गेला असेल कदाचित. खात्री नाही देत. रक्त ठीक निघालं, तर सहा महिने थांबू, पुन्हा मोजू, पुन्हा फोटो. काहीच हललं नाही, तर औषधाचं बघू."

२३ ऑगस्ट
अरविंद यांच्या फोटोसमोर उभा होता बराच वेळ.

निलूने विचारलं, "आजी, आजोबांना चिडवायचं कोण?"

"मीच. पण दार लावून."

खूप दिवसांनी हसला. मग मी त्याला माळ्यावरचे ते पाट काढायला लावले. पितळी फुलं काळी पडलीत. दोन्ही एकावर एक ठेवून माझ्यासमोर उभा राहिला, तेव्हा कुठे डोळ्याला डोळा लागला.

"आजोबा इथनं बघत होते?"

हो रे. इथूनच. घाबरलेले, आणि कसले गोड...

२ डिसेंबर
अरविंद सकाळी पुन्हा इंजेक्शनाचं. "थांबून वर्षं गेली तर? तू जबाबदारी घेशील, आई?"

हे असते तर.

१७ फेब्रुवारी १९८५
उद्या इस्पितळ. निलू संध्याकाळी दोन्ही पाट घेऊन आला, चढला, मग उतरून वरचा पायाने बाजूला सारला. एकावरच उभा राहिला.

"आता बघ."

डोळ्याला डोळा लागला. म्हणजे लागल्यासारखा वाटला. त्याने मान ताणली होती? की माझीच पाठ वाकलीय अलीकडे?

टिचकी मारायला हात उचलला, तो त्याच्या केसांतून फिरला. अरविंद दारातून बघत होता.

सकाळी पहिली बस धरायची आहे.