परदेशातल्या वाघाबद्दल माझी बाजू

अवसरी बुद्रुक,
रविवार, दि. ६ जून २००४, सकाळी ९ वाजून १० मिनिटे
(दुकान उघडले, उदबत्ती लावली, आणि मुदत संपलेल्या औषधांच्या बाटल्या वेगळ्या काढता काढता हे पत्र लिहायला घेतले.)

आदरणीय संपतराव यांना सुदर्शनचा मनापासून रामराम.

तुमची तब्येत, वहिनींची कंबर आणि टोमॅटोचा बाजार ही तिन्ही बरी असावीत अशी आशा करतो. इकडे मी आणि आई ठीक आहोत. घरात नातवंडे नसल्यामुळे आई हल्ली रेडिओशी बोलते आणि तो मधेच गाणे लावतो म्हणून त्याच्यावर चिडते. फोन सोडून पत्र कशाला, असे तुम्ही म्हणाल. मंगळवारपासून मी तुमच्या घरी अकरा फोन केले. दर वेळी स्नेहल उचलते, माझे ‘हॅलो’ ऐकते आणि ठेवून देते. (आठव्या वेळी मी ‘हॅलो’ न म्हणता गप्प राहून पाहिले. तेव्हा आणखी लवकर ठेवला.) तुमची बहीण दोन्ही लेकरांना घेऊन निमगावला आल्याला आज सहावा दिवस. तिची बाजू तुम्ही ऐकली असेलच, आणि तिला सांगताही छान येते. पण शौर्य ‘पप्पांच्या घरी जायचं न्हाई’ म्हणतो, हे मला दूधवाल्या गेणभाऊंकडून कळले. चौदा तारखेला त्याची शाळा सुरू होते, पहिलीत नाव घातले आहे. म्हणून माझी बाजू एकदा शांतपणे वाचा आणि पोरगा घरी येईल असे काहीतरी करा, एवढ्यासाठी हे पत्र.

पहिली गोष्ट, ही सहल मी मागितली नव्हती. बटाट्यावरच्या औषधाची कंपनीची स्कीम होती. मार्चअखेर ठरलेल्या पेट्या विकणाऱ्या दुकानदाराला बायकोमुलांसह मलेशिया, पाच रात्री, खाणेपिणे आणि मुलांच्या खेळांचा पार्क फुकट. मला पहिल्या दिवसापासून शंका होती. जी कंपनी फुटक्या बाटलीची भरपाई द्यायला आठ महिने लावते, ती चार माणसांना विमानात कशाला बसवेल? पत्रकावर ‘मोफत’ या शब्दाच्या डोक्यावर बारीक चांदणी होती. त्या चांदणीचा अर्थ खाली कुठेच दिला नव्हता. मी कंपनीच्या साहेबाला तीनदा विचारले, तो तिन्ही वेळा हसला. शेवटी जुन्नरचे दस्तगीरभाई (फवारणी पंपांचे दुकान, तेही बायको साबेराभाभींसह याच स्कीममध्ये होते) म्हणाले, “सुदर्शनभाऊ, कंपनी आपल्याला तिकडं विकायला नेत नाय. आणि विकलंच, तर तुमचा असा भाव तरी किती येनार?” यावर स्नेहल इतकी हसली की मला सही करावी लागली.

पासपोर्टचे तिने तुम्हाला रंगवून सांगितले असेल. खरे एवढेच, की परदेशात पासपोर्ट चोरतात असे मी वाचले होते, म्हणून आईकडून बंडीला आतून खिसा लावून घेतला, चारही पासपोर्ट त्यात ठेवले आणि खिशाचे तोंड शिवून टाकले. मुंबईच्या विमानतळावर साहेबाने पासपोर्ट मागितले तेव्हा लक्षात आले की टाके उसवायला हवी ती ब्लेड त्यांनीच दहा मिनिटांपूर्वी काढून घेतली होती. (सोपे आहे. आधी ब्लेड घ्यायची, मग पासपोर्ट मागायचा. हा योगायोग मला पटत नाही.) शेवटी मी शर्टाची बटणे काढली आणि स्नेहलने त्या साहेबासमोर, मागच्या दीडशे माणसांसमोर, माझ्या छातीवरचा दोरा दाताने तोडला. आईचा टाका पक्का असल्याने त्याला थोडा वेळ लागला. तिथपासून कुआलालंपूरपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. विमानात चार तास फक्त मीच जागा होतो, कारण पंखाचा एक तुकडा सारखा वरखाली होत होता आणि कोणालाच त्याचे काही वाटत नव्हते.

पार्क एका डोंगराच्या माथ्यावर होता. धुके तर असे, की भीमाशंकरची आठवण यावी. दारातच त्यांनी आमच्या चौघांच्या मनगटांना कागदी पट्टे चिकटवले, नंबर टाकून, न निघणारे. संपतराव, तुमच्याकडे गायी आहेत, म्हणून विचारतो. विमा उतरवलेल्या गायीच्या कानात बिल्ला कशासाठी मारतात? गाय मेली की बिल्ला दाखवून पैसे घ्यायचे असतात. मग आमच्या मनगटांना बिल्ले कशासाठी? मी चारही नंबर वहीत उतरवून घेतले. पुढे पाळण्यांपाशी उंची मोजायची फळी होती आणि शौर्य तीत दोन बोटे कमी भरला. मी घरून टेप नेली होती. तिथेच त्याला भिंतीला उभा करून मोजला, तेवढाच भरला. तेव्हा मला टेपचीच शंका आली, कारण ती मंचरच्या आठवडी बाजारात घेतलेली आहे. मागे रांगेत उभे असलेले जपानी लोक आमचे फोटो काढत होते. शौर्य म्हणाला, “पप्पा, माझी उंची राहू द्या, पन आता इथनं चला.”

आता वाघाचे.

तुम्हाला आणि मला वेगळे सांगायला नको. गेल्या तीन वर्षांत आपल्या दोन्ही तालुक्यांत बिबट्याने (आई त्याला वाघच म्हणते) किती घरांची झोप घालवली ते आपण पाहिले आहे. उसाच्या कडेला आपण पोर एकटे सोडत नाही. वनखात्याचे पत्रक माझ्या काउंटरवर चिकटवलेले आहे आणि खताला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते वाचून दाखवतो. वाकू नये, बसू नये, पळू नये, हात उंच करावेत, मोठ्याने ओरडावे, भांडी वाजवावीत. तर वेळ संध्याकाळची सव्वासहाची, धुके उतरलेले. धाकटी अक्षदा बिस्किटाचा तुकडा उचलायला खाली वाकलेली (वाकलेली! साडेतीन वर्षांची!), मागे दाट झुडूप, आणि त्या झुडपातून दोन पायांवर उभा, दोन्ही पंजे पसरून, तो निघाला. अंगावर पट्टे होते हे खरे आणि आपल्याकडच्याला ठिपके असतात हेही खरे, पण तेव्हा मी नक्षी पाहत बसलो नाही. मी ओरडलो, “वाघ आला रं!”

आमच्या सहलीत जुन्नर, आंबेगाव आणि खेड मिळून तेवीस दुकानदारांची घरे होती. एकानेही ‘कुठे’ म्हणून विचारले नाही. साबेराभाभींनी हाताला लागतील ती चार पोरे बाकावर चढवली, त्यातले एक चिनी होते. दस्तगीरभाई पाण्याची बाटली लोखंडी कठड्यावर बडवू लागले. पिंपरी पेंढारच्या अंजनावहिनी स्टीलचा पेला आणि चमचा घेऊन सरळ पुढे झाल्या. माझ्या हातात आईने दिलेला दशम्यांचा डबा होता, चार खणांचा. तो मी तीनदा मारला. दोन डोक्यात आणि एक पाठीत. (पाठीतला तो पळताना लागला, तो धरू नये.) आजूबाजूचे परदेशी लोक टाळ्या वाजवत होते, त्यांना तो पार्कचाच खेळ वाटला. वाघ ‘सॉरी, सॉरी’ म्हणत होता असे स्नेहलचे म्हणणे आहे. गलक्यात मला ऐकू आले नाही. शेवटी तो लंगडत एका बारक्या दारातून आत गेला आणि दार लावून घेतले. सगळे शांत झाल्यावर शौर्यचा आवाज आला, “पप्पा, त्यो शेकहँड करायला आला व्हता!” आणि त्याने जे भोकाड पसरले ते हॉटेलपर्यंत.

मग आम्हाला ऑफिसात बोलावले. टाय लावलेला साहेब, समोर चहा, मऊ आवाज. इतके गोड बोलणे मी फक्त मतदानाच्या आदल्या दिवशी ऐकले आहे. आमच्या टूर मॅनेजरने मराठीत सांगितले, की वाघाच्या वेशात त्यांचा कामगार होता, त्याला फार लागलेले नाही, आणि तुमची लेकरे घाबरली याबद्दल पार्क दिलगीर आहे. वर त्यांनी शौर्यला कापसाचा एक छोटा वाघ दिला. पोट दाबले की तो इंग्रजीत ‘आय लव्ह यू’ म्हणायचा. शौर्य रडायचा थांबला, वाघाला छातीशी धरून बसला. मी मात्र विचारात पडलो. मारले आम्ही, माफी मागितली त्यांनी आणि वर भेटही त्यांनीच दिली. संपतराव, तुमचे एवढे वय झाले, तुम्ही असे कुठे पाहिले आहे का?

जातानाच विमानतळावर पाटी वाचली होती, परक्याने दिलेली वस्तू सोबत नेऊ नये. कशात काय भरून पाठवतात हे पेपरात येते. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी, स्नेहल आणि मुले नाश्त्याला गेल्यावर, मी हॉटेलने दिलेल्या दाढीच्या ब्लेडने त्या वाघाचे पोट चार इंच उघडले. टॉवेलवर कापसाचे तीन ढीग केले आणि एकेक तपासला. कापूसच होता. पण मध्यभागी एक डबी निघाली. तिचा भरवसा न वाटून मी ती बादलीत बुडवली. त्याच क्षणी दार उघडून शौर्य आत आला, हातात पाव. डबीने पाण्यातून एकदा ‘आय’ म्हटले आणि पुढचे काही म्हटले नाही.

मी तो वाघ घरी आल्या आल्या शिवून दिला, हे स्नेहलने सांगितले आहे का? खताच्या पोत्याला वापरतो तो दाभण आणि तीच सुतळी. शिवण अशी, की पन्नास किलो भरले तरी उसवणार नाही. शौर्यने तो हातात घेतला नाही. सोमवारी जेवताना आजीला म्हणाला, “पप्पांनी मोठ्या वाघाला मारलं, बारक्या वाघाला फाडलं. आता नंबर कुनाचा?” स्नेहल ताटावरून उठली. जाताना एवढेच बोलली, “तुमचं काय, उद्या मला बी उघडून बघाल.” मंगळवारी सकाळच्या एसटीने ती तुमच्याकडे आली. यात माझी चूक किती आणि काळजी किती, हे तुम्ही थोरपणाने ठरवा आणि तिची समजूत घाला. वहिनींना नमस्कार. अक्षदाला गोड पापा. शौर्यला काय सांगावे ते मला सुचत नाही.

तुमचा पाहुणा,
सुदर्शन

ता. क. – वर ‘समजूत घाला’ असे मोघम लिहिले, पण नेमके काम असे आहे. शौर्यने गेणभाऊंना सांगितले की वाघ पप्पांना माफ करेल तेव्हाच मी घरी जाईन. आमच्या शाळेच्या गॅदरिंगचे बिबट्याचे सोंग मी गुरुजींकडून चार दिवसांच्या बोलीवर आणले आहे. ठिपक्यांवर वायरमनची काळी टेप लावून पट्टे करून घेतले. शेपूट ढिली होती, ती आवळली. आत वीस मिनिटे बसून पाहिले, श्वास घेता येतो. हे सोंग उद्या गेणभाऊंच्या दुधाच्या टेम्पोतून तुमच्याकडे येईल. बुधवारी दुपारी चार वाजता, भर उजेडात, तुमच्या अंगणात तुम्ही ते घालून उभे राहावे. मी येऊन हात जोडून माफी मागतो. फाटक लावून घ्या आणि सोंगात असताना बाहेर पाऊल टाकू नका, आपले लोक आधी विचारत नाहीत. तुम्ही सोसायटीचे चेअरमन आहात, हे मला माहीत आहे. पण त्या सोंगाच्या मापाचे घरात तुम्ही एकटेच आहात. कृपया काही बोलू नये, परदेशातल्या वाघाला मराठी येत नाही. आणि तंबाखू आधीच थुंकून घ्यावी.

ता. क. २ – तुम्ही एवढे करणार, तर तुमच्याशी खोटे बोलणे बरे नाही. झुडपातून तो निघाला तेव्हाच मला त्याच्या पोटाची चेन दिसली होती, आणि पायातले पांढरे बूट. वाघ नाही, माणूस आहे, हे मला कळले होते. मला कळले होते हे स्नेहलला कळले, ती त्यामुळेच जास्त चिडली आहे. खऱ्या वाघाचे एक बरे असते. त्याला भूक लागलेली असते, बाकी काही नाही. पण एक धडधाकट माणूस अंगावर कातडे चढवून, ओळख ना पाळख, माझ्या लेकीला उचलायला का येतो, हे मला तेव्हा कळले नाही आणि खरे सांगायचे तर अजून कळलेले नाही. तरी माफी मनापासून मागणार आहे. मुलांना कशाकशापासून जपायचे याची मी वहीत यादी केली होती, चाळीस नंबरपर्यंत. त्यात मी नव्हतो.

ता. क. ३ – मी हात जोडले की लगेच मान हलवू नका. निदान दोनदा तोंड फिरवा, थोडे गुरगुरा, मग पंजा पुढे करा. एका झटक्यात माफ केलेत तर शौर्यला संशय येईल. पोरगा माझ्यावर गेला आहे.