तोंडात भिजवलेलं बी

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे. दूधगाडीवाला रस्त्यावर न सोडता थेट फाटकापर्यंत घेऊन आला. हिच्या पोटाकडे बघून म्हणाला, या बाईला एवढा चढ चालायला लावला तर मला पाप लागेल. हिला सहावा महिना आहे. शहरातल्या खोलीच्या भिंतींना बुरशी धरली होती आणि गोदामातलं माझं लेबलं चिकटवायचं काम सुटलं होतं. म्हणून सासऱ्यांनीच बोलावलं. पेरणीला माणूस कमी पडतंय, बाळालाही मोकळी हवा मिळेल, म्हणाले.

घर बैठं आणि लांबट आहे. आमच्या खोलीच्या खिडकीतून सगळं दिसतं: कोंबड्यांचं खुराडं, पंपाची शेड, आणि उतारावरून खाली गेलेल्या ओल्या, काळ्या सऱ्या. थंडी सरली आहे. हिने आल्याआल्या चपला काढून मातीत पाय रोवले आणि मोठ्याने हसली. तिला असं हसताना पाहून किती महिने झाले होते.

सासूबाईंनी विचारलं, जावईबापू, तुम्हाला घरजावई म्हटलेलं चालेल की नुसतं गडी म्हणू? सगळे हसले. मीही हसलो.

६ मार्च, गुरुवार

कुंपणाचे कुजलेले खांब बदलले. नव्या खांबांची टोकं जाळून घेतली, म्हणजे वाळवी लागत नाही. खुराड्याच्या दाराला नवी कडी बसवली. ती नीट लागते की नाही हे दोनदा जाऊन बघितलं. सासरे म्हणाले, कोंबड्या पळून जात नाहीत हो, त्यांना इथं बरं वाटतं.

साडूंची आज नीट ओळख झाली. ते म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसून असतात. माझ्यापेक्षा फार मोठे नसावेत, पण हात म्हाताऱ्याचे आहेत. मेहुणी दवाखान्यात कामाला जाते, संध्याकाळी येऊन त्यांना भरवते. दोन वर्षं फार राबले, आता विश्रांती घेतायत, असं सासूबाईंनी सांगितलं. मी नमस्कार केला. ते माझ्या तोंडाकडेच बघत राहिले.

१० मार्च, सोमवार

पेरणी सुरू झाली. यांच्याकडे एक वेगळीच पद्धत आहे. घेवडा, वाटाणा, भोपळा, सगळं बी आधी तोंडात भिजवायचं, मग मातीत टाकायचं. आणि हे काम घरात बाहेरून आलेल्या माणसाचं. सासरे म्हणाले, आमच्या तोंडाची चव जमिनीला पाठ झालीय, तिला आता नवं माणूस हवं.

मला थोडी किळस आली. पण ही म्हणाली, अहो, साधी तर गोष्ट आहे, बाबा इथे घरजावई आले तेव्हा त्यांनीही केलंय, भाऊजींनीही केलंय. ज्यांच्या घरात राहायचं त्यांचं ऐकायचं, असं मी ठरवलं. सासऱ्यांनी सांगितलं होतं की बी नुसतं ओलं झालं तरी पुरे. पण अर्धवट काम मला जमत नाही. साल मऊ लागेपर्यंत मी एकेक बी जिभेखाली धरलं, मग बोटाच्या पेराएवढं खोल लावलं. दिवसभरात दोनच सऱ्या झाल्या. सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

१४ मार्च, शुक्रवार

घेवडा वर आला. इतक्या लवकर! सासरे टोपी काढून बघत उभे राहिले.

मी मात्र फार थकलो आहे. गोदामात पेट्या उचलायचो तेव्हाचा थकवा वेगळा होता, झोपलं की उतरायचा. हा उतरत नाही. जेवणाला चव लागत नाही. ही म्हणते, आमच्याकडचे सगळे जावई आधी असेच गळतात, मग अंगवळणी पडतं. भाऊजींच्या कधी अंगवळणी पडलं, असं विचारणार होतो.

१९ मार्च, बुधवार

आज विरळणी केली. दाटीने उगवलेली रोपं उपटून टाकायची होती. पहिलं रोप उपटलं आणि पोटरीत अशी कळ आली की मी खाली बसलो. गोळा आला असेल असं वाटलं. दुसरं उपटलं, तर हिरडीत कळ. तिसरं मुद्दामच उपटलं, अगदी सावकाश, मुळं सुटताना लक्ष देऊन. उजव्या हाताची करंगळी बधिर झाली. आता लिहितानाही तिला काही कळत नाही.

सासऱ्यांना सांगितलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, मग विरळणी राहू दे.

ओसरीवरून जाताना साडूंनी माझी बाही धरली. त्यांच्या तोंडात एकही दात नाही. एकच शब्द बोलले. थुंक.

२४ मार्च, सोमवार

सासूबाईंना सरळच विचारलं. त्या घेवड्याच्या वेलांसाठी दोरी ताणून बांधत होत्या, हात थांबला नाही. म्हणाल्या, जमीन दमलेली आहे हो, कुणाच्या तरी जोरावरच उभी राहते. थोरल्या जावयाने घाईघाईने पेरलं, म्हणून दोन वर्षं टिकला. तुम्ही मन लावून करता. तुमचं यंदाच भरून येईल.

हे त्या कौतुकाने बोलल्या.

मी म्हटलं, मग सासरे कसे धडधाकट? त्यांनी गाठ मारली. म्हणाल्या, ते आडवे पडले तेव्हा बियांची वाटी मी हातात घेतली. अर्धी पेरलेली जमीन गप्प बसत नाही, कुणीतरी पुरं करावंच लागतं. थोरलीच्या आधी मला एक होता. पोटातच होता. त्या वर्षी भोपळे एवढे आले की गाडीत मावेनात. मग जमिनीने यांना सोडलं.

ही तेव्हा परसात कपडे वाळत घालत होती. एक हात पोटावर.

२७ मार्च, गुरुवार

ठरलं. शनिवारी सकाळी दूधगाडीने जायचं. हिला सगळं सांगितलं. तिने माझ्या कपाळाला हात लावला, ताप बघितला. आईचं काय मनावर घेता, म्हणाली, ती पहिल्यापासून अशीच बोलते. पण तुम्हाला बरं वाटत नसेल तर जाऊ. तिने एवढं म्हटलं, मला पुरे.

दाढ पडली. दुखली नाही. रक्तही नाही.

घेवड्याचे वेल दोरी सोडून आमच्या खिडकीकडे वळलेत. ऊन पलीकडच्या बाजूला आहे.

पेरायची एकच सरी उरली आहे. बियांची पिशवी मी चुलीत टाकली. पुरी जळेपर्यंत उभा होतो. उभा म्हणजे भिंतीला टेकून.

२९ मार्च, शनिवार

दूधगाडी आली तेव्हा पायच उचलेनात. पाय जागेवर आहेत, पण माझे वाटत नाहीत. मी हिला म्हटलं, तू जा. एकटी जा, आत्ताच्या आत्ता. ती रागावली. तुम्हाला या अवस्थेत टाकून जाऊ? वेडबिड लागलंय का? दूधवाल्याने भोंगा वाजवला, थोडं थांबला, गेला.

तो सोमवारी परत येतो.

३० मार्च, रविवार

उठवत नाही. हिने उशी लावून मला खिडकीशी बसवलं. लिहायला वेळ लागतो, अक्षर नीट येत नाही.

शेंगा धरल्या आहेत. दाणे भरताना पाठीत कळतं. एकेक.

मी परत परत तेच सांगितलं. वाटीला हात लावू नकोस, कुणी दिली तरी. ती म्हणाली, बरं बाबा, नाही लावत. उद्या जाऊ, आधी थोडं खा.

मला खाववलं नाही.

३१, सोमवार

सकाळ. जाग आली तर ही शेजारी नाही.

पिशवी बांधून ठेवली आहे. माझा सदरा घडी करून वर. म्हणजे जायचंच आहे. मग कुठे —

उशीवर चिठ्ठी. घाईचं अक्षर. काम अर्धं टाकून गेलो तर बाबा जन्मभर तुम्हालाच बोल लावतील. एकच सरी राहिलीय, गाडी यायच्या आत उरकते. माळ्यावर आईकडे आणखी बी होतं. तुम्ही पडून राहा.

हाक मारली. आवाज खोलीबाहेर जात नाही.

दिसली. शेवटच्या सरीत, वाकून. सासूबाई वाटी धरून शेजारी. ओसरीवर साडू खुर्चीच्या हातावर मुठी आपटतायत — कुणी बघत नाही —

माझ्या पायाला मुंग्या आल्या. बोटं हलली. बरं वाटतंय मला. देवा, मला बरं वाटतंय —

काच वाजवली. तिने वर पाहिलं. पळत आली, मला बसलेला बघून इतकी खूश. मी विचारलं, किती पेरलंस. तोंड उघड. थुंक ते. थुंक —

ती ओठ मिटूनच हसली. गाल फुगलेला. हाताने खूण केली, झालं, एवढंच. मग हात पोटावर गेला, आणि चेहरा एकदम —