माझं ठेव, तिचं ठेव

सोमवार, ४ मार्च

पोचलो एकदाचे! सहा आठवडे ना डबे, ना स्वयंपाक, ना सासूबाईंचा चष्मा शोधणं. मला तर सुट्टीवर आल्यासारखंच वाटतंय. खाली वर्ग, वर राहायच्या खोल्या. आमची तिसऱ्या मजल्यावर: दोन खाटा, दोन टेबलं, एक कपाट, आणि खिडकीतून दिसतात ओळीने लावलेल्या स्कूटर. खिडकीजवळची खाट धाकटीने मला दिली. ताई, तुम्हाला वारा लागतो ना, म्हणाली. असं चांगलं वागून समोरच्याला वाईट ठरवायचं, ही तिची जुनी खोड.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली आणि ऑफिसात मीच तिला चिकटवली. आता ऑफिसने दोघींना वेब ॲप बनवायच्या प्रशिक्षणाला धाडलंय. बारा एप्रिलला परीक्षा. पास झालो तर प्रमाणपत्र दोघींना मिळेल, पण जिचे गुण जास्त ती नव्या टीमची प्रमुख. माझी नोकरी अकरा वर्षांची, तिची तीन. म्हणजे प्रश्नच नाही.

इथे प्रत्येकाने रोजनिशी लिहायची असते. आपापल्या कॉम्प्युटरवर लिहायची आणि कोर्स संपताना जोडीच्या फोल्डरात टाकायची. टाकण्याआधी चार वाक्यं पुसावी लागतील मला.

बुधवार, ६ मार्च

आमच्या सरांना वर्गाने दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं: दोन्ही-वाचा. कारणही तसंच आहे. इथे काम जोडीने करायचं. दोघी आपापल्या कॉम्प्युटरवर लिहितो, पण ते जाऊन पडतं एकाच फोल्डरात. एकच ओळ दोघींनी बदलली की घोडं अडतं. कॉम्प्युटर दोन्ही ओळी समोर मांडतो आणि खाली तीन बटणं देतो: माझं ठेव, तिचं ठेव, दोन्ही ठेव. सर दर तासाला बजावतात की दोन्ही वाचा, मग ठरवा. चौथंही एक बटण आहे, ‘सगळीकडे माझं ठेव’. त्याला न वाचता हात लावायचा नाही.

आम्हाला वाचनालयाचं ॲप बनवायचंय. धाकटीने हात वर करून विचारलं की एखादा सभासद यादीतून काढला, तर त्याने परत आणून दिलेल्या पुस्तकांचं काय? सर इतके खूश झाले की खडूच खाली ठेवला. म्हणाले, हाच खरा प्रश्न. एक नोंद पुसली की तिला टेकून उभ्या असलेल्या सगळ्या नोंदी पडतात. ती पुस्तकं परत आलीच नाहीत असं होतं.

हे मला काय ठाऊक नव्हतं? मी विचारलं नाही, इतकंच.

मंगळवार, १२ मार्च

जावा-जावा आणि उभा दावा, असं उगीच नाही म्हणत. आज लॉगिनच्या पानावर दोघींनी एकच तुकडा लिहिला. माझा बावीस ओळींचा, तिचा नऊ. तिचा चांगला होता. मी दोन्ही वाचले आणि ‘माझं ठेव’ दाबलं. ती पाणी भरायला गेली होती.

संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल केला. माझी चिमणी सहा वर्षांची. फोन घेतल्या घेतल्या म्हणाली, काकू कुठाय? दोन वर्षांपूर्वी सहलीला गेलो होतो, तेव्हा चिमणी तलावात पडली आणि धाकटीने कपड्यांनिशी उडी मारून तिला काढलं. तेव्हापासून काकू, काकू आणि काकू. अहो, मीही मारलीच असती उडी! मी डबे उघडत होते, ती काठाजवळ होती, एवढाच फरक. त्यानंतर एकदा चिमणी झोपेत तिला आई म्हणाली होती. मी ऐकलं होतं. अजून विसरले नाही.

बुधवार, १३ मार्च

सरांनी लॉगिनचं पान तपासलं आणि ठीक म्हणाले. धाकटीला वाईट वाटलं का ते बघायला मी हळूच विषय काढला. ती म्हणाली, ते पान तुम्हीच लिहिलंत की ताई, मी कुठे काय लिहिलं होतं? चेहऱ्यावर खोट दिसेना.

आणखी एक गंमत. तिचा निळा कप टेबलावर नाही. विचारलं तर म्हणते, माझा कसला कप? पहिल्या दिवसापासून तुमच्याच कपातून पिते ना मी.

सोमवार, १८ मार्च

आज पाच वेळा ‘माझं ठेव’ दाबलं. शोधायचं पान माझं, यादी माझी, दंडाचा हिशेब माझा. धाकटी वर्गात गप्प असते. सरांनी विचारलं तर ओठ हलतात, पण उत्तर आठवत नाही. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, जेवण गोड लागलं.

सहाव्यांदा कॉम्प्युटर अडला तेव्हा समोर प्रोग्रामची ओळच नव्हती. साध्या मराठीत लिहिलं होतं: फोनवर चिमणी आधी कोणाला हाक मारते. माझ्या बाजूला ‘मला’, तिच्या बाजूलाही ‘मला’. कोणीतरी चेष्टा केली असेल. धाकटीच्या अंगात एवढी चेष्टा नाही, पण असेल.

मी माझं ठेवलं. संध्याकाळी फोन लावला आणि चिमणी ओरडली, आई! काकूचं नावसुद्धा काढलं नाही. मला रडू आलं, आनंदाने.

सोमवार, २५ मार्च

धाकटीच्या खाटेवर चादर नाही. हजेरीच्या कागदावर तिचं नाव पेन्सिलने लिहिलंय, बाकी सगळ्यांची शाईने. तिने मला विचारलं, ताई, मी इथे कशाला आलेय? मी म्हटलं, शिकायला. ती हसली. तेवढी मात्र पूर्वीसारखीच हसली.

आता पुरे, असं मनाशी ठरवलंय. उद्यापासून ‘दोन्ही ठेव’.

गुरुवार, २८ मार्च

सराव परीक्षेचा निकाल लागला. मला एकाहत्तर. तिला चौऱ्याण्णव.

चादर नसलेली, उत्तरं विसरलेली बाई, आणि चौऱ्याण्णव! सर म्हणाले, हातांना आठवत असतं. हात! माझ्या अकरा वर्षांना हात नाहीत का?

दुपारी सगळं काम एकत्र करायला घेतलं. त्रेचाळीस ठिकाणी घोडं अडलं. पहिली चार वाचली. पाचव्यात तलाव हा शब्द दिसल्यासारखं वाटलं. वाचायला हवं होतं. पण ती शेजारी बसून माझ्यासाठी संत्रं सोलत होती आणि माझ्या पोटात असा काही जाळ उठला की—

‘सगळीकडे माझं ठेव’.

संत्रं टेबलावर होतं. अर्धं सोललेलं. खुर्ची एकच.

शुक्रवार, २९ मार्च

खोलीत एक खाट. भिंतीवर दुसऱ्या खाटेची खूणही नाही.

सरांना विचारलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, वर्गात विषम संख्या होती म्हणून तुम्ही पहिल्यापासून एकट्याच आहात. सभासद पुसल्यावर पुस्तकांचं काय, हा प्रश्न कोणी विचारला होता, असं मी म्हटलं. असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता म्हणे.

मागे जायची सोय असते. फोल्डरातल्या जुन्या नोंदी उघडल्या. पहिल्या दिवसापासून प्रत्येक नोंदीवर माझंच नाव.

दुपारी घरी फोन लावला. सासूबाईंना म्हटलं, धाकटी तिथे आली का? त्या म्हणाल्या, कोण धाकटी? दिराचं लग्नच झालेलं नाही. मी हसले. का हसले कुणास ठाऊक. मग म्हटलं, बरं, चिमणीला द्या फोन.

 

सासूबाई म्हणाल्या, “अगं, असं काय करतेस? तलावाला दोन वर्षं झाली.”

शनिवार, ३० मार्च

काठाजवळ कोणी नव्हतं. मी डबे उघडत होते—

फोनमधले फोटो बघितले. चिमणी चार वर्षांची. त्यापुढे झाडं, रस्ते, ऑफिस. सहा वर्षांची एकही नाही. परवा आई म्हणून ओरडली होती. परवा—

नाही, त्या सोमवारी. मी लिहून ठेवलंय. वर आहे. वाचलं.

रविवार, ३१ मार्च

ही रोजनिशी अजून फोल्डरात टाकलेली नाही. म्हणून इथे धाकटी आहे. निळा कप आहे. चिमणी आहे.

जगात फक्त इथेच.

सोमवार, १ एप्रिल

सकाळी अकरा. टाकली.

अडलं. ‘रोजनिशी’ नावाची फाइल तिथे आधीच आहे. माझी नाही. तिची. देवा, तिनेही लिहिली होती.

दोन्ही वाचा. वाचते.

तिची पहिली ओळ: आज एकटीच आले. चिमणीला आजीजवळ ठेवून येताना जीव तुटला.

चिमणी आहे. तिच्या रोजनिशीत आहे. सहा वर्षांची. दात पडलाय म्हणे, पुढचा.

पुढे वाचते. मी कुठेच— कपात नाही, खाटेवर नाही. एका ओळीत आहे. “ताई गेल्या, त्यांच्या पाठीमागे ही पोर माझ्याच अंगाखांद्यावर वाढली. आता मला आई म्हणते.”

आई म्हणते.

बटणं तीनच. ‘दोन्ही ठेव’ पुसट आहे. दाबते, दाबलं जात नाही. पंधरा वेळा दाबलं. इतके दिवस चालू होतं ना हे, एकदाही—

‘माझं ठेव’ ठळक आहे. बोट तिकडेच जातंय. सवय.

अजून जळतेय मी. आत्तासुद्धा. आई म्हणते तिला!

म्हणू दे.

दात पडलाय. म्हणू दे.

बोट ठेवलंय. तिचं ठे—