हन्नाबाईंची मोरपंखी साडी

२९ जानेवारी, बुधवार

आजपासून रोजनिशी. डोकं जागेवर राहावं म्हणून. दुसरं काही कारण नाही.

आमच्या चर्चमध्ये केनियातल्या नाकुरूहून आठ जण महिनाभरासाठी आलेत. डोळ्यांचं शिबिर, पोरांना गाणी शिकवणं, संडे स्कूलच्या भिंतींना रंग. त्यातल्या हन्ना चेबेत आमच्याकडे, पुंडलिकनगरला उतरल्यात. रिटायर्ड नर्स. विधवा. आमच्याकडेच का, तर घरात बाईमाणूस आहे म्हणून. म्हणजे माझी थोरली बहीण, चंपाअक्का. मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. जन्मभर नुसत्या नजरेनं माल पास-नापास केला. माझा अंदाज चुकत नाही.

मंडळी दहा तारखेला परत जाणार. मला त्याचं काही नाही. पाहुणा येतो तसा जातो. माझी बायको मालती गेल्यापासून घर शांत होतं, ते पुन्हा शांत होईल. शांतता मला आवडते.

१ फेब्रुवारी, शनिवार

पुरावे:

हन्नाबाईंनी पिठलं दोनदा घेतलं. ठेचा खाऊन डोळ्यांत पाणी आलं, तरी माझ्याकडे बघून हसल्या. शिफ्टच्या बसमध्ये झोपून मी थेट पैठणला पोचलो होतो तो किस्सा सांगितला, तेव्हा टाळी दिली.

अक्काला सहज विचारलं. अक्का म्हणाली, "ती पाववाल्याला बी टाळी देती. हसरी बाई हाय." अक्काला माणसं कळत नाहीत.

निर्णय: हन्नाबाईंना इथंच राहायला सांगायचं. रीतसर. माझ्याशी लग्न करून. इंग्लिशमध्ये पाच वाक्यं तयार केलीत. उद्या उपासनेनंतर बोलणार. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नाही, मी दोनदा चेक केलं.

२ फेब्रुवारी, रविवार

बोललो नाही. साउंड सिस्टीम बिघडली होती. पाच वाक्यांना माईक लागत नाही हे मान्य, पण वातावरण लागतं.

नंतर हन्नाबाई शिडीवर चढून भिंत रंगवत होत्या आणि मी शिडी धरली. वरून गात होत्या. माझ्या चष्म्यावर पिवळ्या रंगाचे थेंब पडले. पुसले नाहीत. वेळ नव्हता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निरोपाच्या कार्यक्रमाची मीटिंग. पाळकसाहेब म्हणाले, सगळ्यांना हिमरू शाल आणि गुच्छ. ठीक. पण आठ जणांना एकसारखीच शाल म्हणजे लॉटचा माल झाला. मी वेगळं देणार. साडी.

घरी आल्यावर अक्काला सांगितलं. ती भाकरी थापता थापता थांबली. म्हणाली, "राजू, बाईला साडी नवरा देतो, न्हाय तर भाऊ देतो. तू कोण म्हणून देतो?" मी म्हणालो, आपण ख्रिस्ती माणसं, हे रिवाज आपल्याला लागू नाहीत. भाकरी करपली.

५ फेब्रुवारी, बुधवार

गुलमंडीच्या बाजारात गेलो. तीन साड्या रिजेक्ट. एकीची जर सुटलेली, एकीचा काठ तिरका, तिसरी मालतीकडे होती तशीच. चौथी मोरपंखी, सेमी पैठणी. त्यांच्या रंगावर ही उठून दिसणार. दुकानदाराला तसं म्हणालोही. तो म्हणाला, कुणाच्या? मी म्हणालो, बिल करा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

साडीला फॉल-पिको लागतं हे मला माहीत नव्हतं. अक्काला दिली. अक्कानं सुरेखाबाईंना दिली. त्यांच्याकडे पिकोचं मशीन आहे. शिवाय त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष आहेत, पण त्याचा पिकोशी काय संबंध.

प्लॅन पक्का. रविवारी कार्यक्रम संपला की चर्चच्या आवारातल्या कडुलिंबाखाली, दोघंच. आधी साडी, मग पाच वाक्यं. तिसऱ्या वाक्यात मालतीचं नाव आहे. तिथं आवाज जातो. आज पाठ करताना अक्का दारात येऊन उभी राहिली, म्हणून बायबल उघडलं. उलटं होतं.

९ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळ

घडलं ते लिहितो.

शाली वाटून झाल्या. मग सुरेखाबाईंनी माईक घेतला. साउंड सिस्टीम आज उत्तम होती. म्हणाल्या, "हन्नाताईचं सासर लई लांब हाय, पण आजपासून त्यांचं माहेर पुंडलिकनगरला. आन् माहेरची साडी त्यांच्या भावानं आणली, आपल्या राजूभाऊंनी! या, राजूभाऊ!"

टाळ्या. मला ढकलत पुढं नेलं. साडी माझ्याच हातात दिली, मी त्यांच्या हातात. पाळकसाहेबांनी सगळं इंग्लिशमध्ये समजावलं, साडी म्हणजे काय, माहेर म्हणजे काय, भाऊ म्हणजे काय. नीट समजावलं. इतकं नीट समजावायची गरज नव्हती.

हन्नाबाई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, एकच भाऊ होता, सॅम्युएल, गेल्या पावसाळ्यात गेला. तेव्हापासून मला "अगं, जेवलीस का" विचारणारं कुणी उरलं नाही. इथं राजेंद्र रोज विचारतो. देवानं मला इतक्या लांब आणून माझा भाऊ परत दिला.

रोज विचारत होतो हे खरं आहे.

त्यांनी मला मिठी मारली. सगळी मंडळी रडली. पाच वाक्यं माझ्या शर्टाच्या खिशात होती. मी म्हणालो, "थँक यू. वेलकम." लोक म्हणाले, बघा, बहिणीच्या मायेनं गळा दाटला.

तासाभरानंतर: घाबरण्यासारखं काही नाही. आपल्याकडे भाजीवाल्यालाही भाऊ म्हणतात. उद्या एअरपोर्टवर शांतपणे दुरुस्ती करता येईल.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी अक्कानं ज्वारीचं पीठ, ठेचा, लोणचं बांधून दिलं. दोघी गळ्यात पडल्या. एकीला इंग्लिश येत नाही, दुसरीला मराठी. तरी बराच वेळ बोलत होत्या.

चिकलठाणा एअरपोर्टच्या गेटपाशी मी घसा साफ केला. पहिलं वाक्य सुरू करणार, तेवढ्यात हन्नाबाईंनी पिशवीतून एक लोकरी टोपी काढली. सॅम्युएलची. गुरांकडे जाताना घालायचा म्हणे. मी सगळीकडे बरोबर नेत होते, म्हणाल्या, आता भावाकडे राहू दे. माझ्या डोक्यावर घातली. दोन्ही हातांनी कानांवर ओढून नीट केली. मालतीनंतर माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता.

पहिलं वाक्य आठवेना. दुसरंही नाही.

त्या आत निघाल्या. हाक मारणार होतो. अक्कानं बाही धरली. "जाणाऱ्याला मागून हाक मारू नये रे." मी कधीच मानलं नाही हे. पण हाक मारायची तर काय म्हणून मारायची? हन्ना म्हणावं की ताई, हे ठरेना. तोवर त्या दिसेनाशा झाल्या.

रिक्षात रडलो. लपवलं नाही. अक्कानं पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "मला ठावं व्हतं राजू. सुरेखाला म्याच सांगितलं, भावाची साडी हाय म्हणून. हन्ना न्हाय म्हणाली असती तर तू मोडला असता. आन् आठवण बी कडू झाली असती." मी तोंड वळवून बाहेर बघत राहिलो. घर आल्यावर तिनं चहा दिला, तो घेतला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अक्कानं त्यांची खोली झाडली नाही. माणूस मुक्कामी पोचेपर्यंत झाडू नये म्हणते. अंधश्रद्धा, असं तिला ठणकावून सांगितलं.

दुपारी "सुखरूप पोचले" असा मेसेज आला. आता झाडायला हरकत नव्हती. केरसुणी घेऊन खोलीच्या दारात गेलो. उशीवर पिवळ्या रंगाचा बारीक डाग आहे. केरसुणी जागेवर ठेवली.

१६ फेब्रुवारी, रविवार

हन्नाबाईंचा फोटो आला. त्यांच्या चर्चबाहेर, बायकांच्या घोळक्यात, मोरपंखी साडीत. पदर उजव्या खांद्यावर, निऱ्या मागे. तिथं कोण दाखवणार. सोबत आवाजाचा मेसेजही होता. सगळ्या विचारतात कुणी दिली, मी सांगते, माय ब्रदर इन इंडिया. शेवटी मराठीत, "राजूभाऊ, जेवलास का?"

चार वेळा ऐकलं. रंग उठून दिसतोय. तेवढा अंदाज बरोबर होता.

पाच वाक्यं टाईप केली. व्याकरण तपासलं. एकही चूक नव्हती. पुसून टाकली.

मग पाठवलं: "जेवलो, ताई. पदर डाव्या खांद्यावर घ्यायचा."

अजून जेवलो नाही. अक्का हाक मारतेय. म्हणते, आधी ती टोपी काढ, बाहेर ऊन बघ केवढं पडलंय.